आवाज पंचविशीचा, भूमिका चाळिशीची

वाचकाचे पत्र

मी वसईचा, वय २५. मेकॅनिकल इंजिनीअर असून गेली तीन वर्षे एका कारखान्यात नोकरी करतो. लहानपणापासून आमच्या चर्चच्या गायकवृंदात गातो आणि चार वर्षांपासून वांद्र्याला एका बाईंकडे पाश्चात्त्य गायन शिकतो आहे. माझा आवाज बास-बॅरिटोन, म्हणजे पुरुषाचा मधला आवाज बॅरिटोन आणि सर्वांत खालचा बास यांच्या मधला, आहे असे बाई म्हणतात. मुंबईत कार्यशाळेसाठी आलेल्या एका परदेशी शिक्षकांनी मात्र ‘नुसता बॅरिटोन’ असे सांगितले. लंडनच्या एका संगीत महाविद्यालयात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला आहे, परंतु शिष्यवृत्तीतून निम्मीच फी भागते. उरलेली फी आणि राहण्याचा खर्च यांसाठी बाबा घर गहाण ठेवायला तयार आहेत, आईचा त्याला विरोध आहे. ऑपेरात शिरायला पंचविशी म्हणजे उशीर झाला, असे काही जण म्हणतात. मी घरी वाग्नरच्या ऑपेरांतल्या वोटान या देवराजाच्या जड भूमिकेचा सराव करतो. आजोबा पहाटे उठून खर्ज लावायला सांगतात. चर्चमध्ये गाणे सोडावे का, हाही प्रश्न आहे. काय करू?

उत्तर

सप्रेम नमस्कार. आधी उत्तर देते, कारणे मागाहून. घर गहाण ठेवू नका आणि नोकरी आजच सोडू नका; मात्र परदेशी शिकायला जाण्याचा बेत मोडूही नका. तो एक वर्ष, फार तर दोन वर्षे पुढे न्या आणि त्या अवधीत मी खाली सांगते ती तयारी करा. तुमच्या आवाजाला ही दिरंगाई मुळीच बाधणार नाही. त्याहून अधिक थांबणे मात्र बाधेल, ते का हेही ओघाने येईल.

उशीर झाला असे जे म्हणतात त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा सोप्रानो, म्हणजे स्त्रीचा सर्वांत उंच आवाज, गाणारी मुलगी असते. तिला पंचविशीत रंगमंचावर उभे राहता येते, क्वचित त्याआधीही. पुरुषाचा खालचा आवाज तसा नसतो. त्याचा स्वरयंत्राचा सांगाडा टणक व्हायला, श्वासाचा आधार अंगवळणी पडायला आणि वरच्या स्वरांत आवाज न फाटता जड राहायला वर्षे लागतात. म्हणून बास-बॅरिटोनच्या मोठ्या भूमिका साधारणपणे पस्तिशी ओलांडल्यावरच त्याच्या हाती येतात. उत्तर वेल्सच्या पांट ग्लास या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा ब्रिन टर्फेल याचे उदाहरण घ्या. जन्म १९६५ चा. १९८४ ते १९८९ लंडनच्या गिल्डहॉल या संगीत-नाट्य महाविद्यालयात शिक्षण. १९८९ साली कार्डिफच्या स्पर्धेत त्याला गीतगायनाचे पारितोषिक मिळाले आणि मुख्य पारितोषिक द्मित्री ख्वोरोस्तोव्हस्की या रशियन बॅरिटोनने नेले. पुढच्या वर्षी त्याने वेल्श नॅशनल ऑपेरात मोत्सार्टचा गुल्येल्मो गायिला, १९९२ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन या ऑपेरागृहात मासेत्तो, १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनला फिगारो. सगळे जग त्याला डोक्यावर घेत होते, कुठल्याही नाट्यगृहाने त्याला वोटान आनंदाने दिला असता. तरी कोव्हेंट गार्डनला वाग्नरच्या ‘ऱ्हाइनगोल्ड’मध्ये तो वोटान म्हणून उभा राहिला तो २००४ च्या डिसेंबरात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. अमेरिकेचा जेम्स मॉरिस (जन्म १९४७) यानेही वोटान घेतला तो तिशीच्या उत्तरार्धात, आणि तोही हान्स हॉटर या विसाव्या शतकातल्या थोर वोटानकडे बसून भूमिका शिकल्यावर. सायमन एस्टिस १९७८ मध्ये बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात ‘फ्लाइंग डचमन’च्या मुख्य भूमिकेत आला तेव्हा तो चाळिशीचा होता.

तेव्हा घरी वोटानचा सराव तूर्त थांबवा. हे मी निक्षून सांगते आहे, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट कर्ज नव्हे, ही आहे. ऑपेराचा गायक ध्वनिवर्धकाशिवाय गातो. वाग्नरच्या वाद्यवृंदातली ऐंशी-नव्वद माणसे वाजवत असताना त्यांच्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो तो जोराने ओरडल्यामुळे जात नाही. योहान सुंडबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात दाखवून दिले की वाद्यवृंदाची सर्वाधिक शक्ती ५०० हर्ट्‌झच्या आसपास एकवटलेली असते, तर तयार पुरुषी आवाजात ३,००० हर्ट्‌झच्या जवळपास एक वेगळा उठाव असतो. तिथे वाद्ये तुलनेने क्षीण असल्यामुळे गायक ऐकू येतो. हा उठाव घशाचा आकार, स्वरयंत्राची स्थिती आणि स्वरपट्ट्यांची नेमकी मिटणूक यांतून येतो आणि तो घडवायला अनेक वर्षे जातात. तो घडलेला नसताना वाग्नरच्या ‘वाल्क्युरे’च्या शेवटी वोटान मुलीला देतो तो निरोप गायला घेतला की माणूस नकळत आवाज जाड करतो, जीभ मागे ओढतो, छातीचा आवाज वर रेटतो. खोलीत, मोबाइलच्या छोट्या स्पीकरवरच्या वाद्यवृंदाबरोबर, ते भव्य वाटते. सहा महिन्यांनी मधल्या सप्तकात कंप यायला लागतो, हळू गाता येईनासे होते, आणि मग ती लागलेली सवय मोडण्यात शिक्षकाची दोन वर्षे खर्ची पडतात.

त्याऐवजी मोत्सार्ट गा. बास-बॅरिटोनसाठी त्याच्यासारखा पालक नाही. ‘फिगारोचे लग्न’ या एकाच ऑपेरात तुमच्या जातीच्या आवाजाचा जन्मभराचा प्रवास मांडून ठेवला आहे: नवखा गायक दारूच्या नशेत तक्रार घेऊन येणारा माळी अंतोनियो गातो, मग फिगारो, आणि उतारवयात डॉक्टर बार्तोलो. ‘दोन जोव्हान्नी’तही तसेच, आधी मासेत्तो, मग लेपोरेल्लो किंवा स्वतः दोन जोव्हान्नी. पहिली काही वर्षे तुमच्या वाट्याला अशाच छोट्या भूमिका येतील. ‘तोस्का’च्या पहिल्या दहा मिनिटांत धापा टाकत येऊन लपणारा आन्जेलोत्ती, ‘कार्मेन’मधला लष्करी अधिकारी त्सुनिगा, ‘ला बोहेम’मधला घरभाडे मागायला येणारा बेन्वा. त्या लहान म्हणून नाक मुरडू नका; चार ओळींत व्यक्ती उभी करणारा खालचा आवाज प्रत्येक नाट्यगृहाला रोज संध्याकाळी लागतो, आणि तुमच्या पेशाचे हेच सर्वांत मोठे भाग्य आहे.

आता दोन शिक्षकांच्या दोन मतांविषयी. त्यात विरोध आहे असे मला वाटत नाही. खालचा स्वर किती खाली जातो यावरून आवाजाची जात ठरत नाही. ती ठरते वर जाताना आवाज कुठे वळतो, म्हणजे उघडा स्वर सोडून झाकलेला घ्यावा लागतो, यावरून आणि मधल्या सप्तकात त्याचा रंग कसा आहे यावरून. पेटीच्या भाषेत सांगायचे तर मधल्या सप्तकात पांढरी दोनच्या सुमारास तुमचा आवाज वळण मागत असेल, तर कल बास-बॅरिटोनकडे आहे. काळी दोन ओलांडून पांढरी तीनपर्यंत तो सहज उघडा राहत असेल, तर बॅरिटोनकडे. पंचविशीत ही रेषा पुसट असते आणि तीन वर्षांत ती अर्धा-एक स्वर इकडेतिकडे सरकू शकते. शिवाय या दोन जातींच्या भूमिका एकमेकींत इतक्या मिसळलेल्या आहेत की फिगारो दोघेही गातात. नाव काय लावायचे याची घाई प्रत्यक्षात जर्मन नाट्यगृहांना असते, कारण तिथे करारात आवाजाचा वर्ग लिहिलेला असतो. तुम्हाला आज ती नाही. जड जातीचे नाव लावून घेण्याचा मोह तरुण गायकांना फार असतो, तेवढा टाळा.

आजोबांच्या सांगण्याचा अनादर न करता एवढेच म्हणते की पहाटेचा खर्ज हा तानपुऱ्याच्या साथीने, आपल्या सोयीच्या पट्टीत, शांतपणे करायचा अभ्यास आहे आणि त्यातून मिळणारा दमसास व स्वराचे स्थैर्य तुमच्याही उपयोगाचे आहे. झोपेतून उठल्याउठल्या मात्र स्वरपट्ट्या किंचित सुजलेल्या असतात, त्यामुळे तेव्हा स्वर खाली जातो; तो दिवसभर टिकत नाही आणि संध्याकाळी साडेसातच्या प्रयोगात तो मागून मिळत नाही. खालचे स्वर दाबून वाढवू नका. ते मधल्या सप्तकाच्या निरोगीपणातून आपोआप येतील तेवढेच तुमचे.

वर म्हटले की अधिक थांबू नका, त्याचे कारण असे. गळा चाळिशीत पिकतो, पण संस्थांचे घड्याळ वेगळे चालते. बहुतेक ऑपेरा स्टुडिओ, म्हणजे नाट्यगृहांनी नवोदितांसाठी चालवलेले वर्ष-दोन वर्षांचे प्रशिक्षण, तिशीच्या आसपास वयाची अट घालतात. अनेक स्पर्धांचे तसेच. जर्मनीतली काही संगीत विद्यापीठे तर प्रवेशालाच वयाची मर्यादा ठेवतात. बास-बॅरिटोनला काही ठिकाणी दोन-तीन वर्षांची सूट मिळते खरी, तथापि तिच्यावर आयुष्याची आखणी करता येत नाही. हा अन्याय आहे की नाही या वादात न शिरता हिशेब पाहा: सव्विसाव्या वा सत्ताविसाव्या वर्षी अभ्यासक्रमाला लागलात तर एकोणतिसाव्या वर्षी स्टुडिओच्या चाचण्या देता येतात. अठ्ठाविसाव्या वर्षी निघालात तर जेमतेम.

पैशाचे बोलू. घर गहाण ठेवण्याला माझा विरोध आहे तो तुमच्या गुणवत्तेविषयी शंका आहे म्हणून नव्हे. या पेशाचे उत्पन्न आणि बँकेचा हप्ता यांची चाल जुळत नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपताच हप्ते सुरू होतील आणि तुमच्या आवाजाची कमाईची वर्षे तर तिथून दहा वर्षांनी सुरू होतात. मधल्या काळात हप्त्याच्या धास्तीने माणूस मिळेल ती भूमिका घेतो, आणि नको त्या वेळी घेतलेली जड भूमिका हेच आवाज बिघडण्याचे नेहमीचे कारण आहे. म्हणजे कर्ज सरळ गळ्यावरच येते.

स्वतंत्र गायकाला मानधन सहसा प्रयोगागणिक मिळते. पाच-सहा आठवड्यांच्या तालमी, त्या काळातले भाडे आणि प्रवास हे पुष्कळदा त्याच्या खिशातून जाते. सर्दीने आवाज बसला आणि प्रयोग रद्द करावा लागला तर त्या रात्रीचे मानधनही गेले. मिळालेल्यातून एजंटचा वाटा वेगळा. २०२० साली नाट्यगृहे बंद पडली तेव्हा अनेक नामवंत गायकांचे वर्षभराचे करार एका ईमेलने संपले. याउलट जर्मनीत सार्वजनिक पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास संगीत नाट्यगृहे आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांचा स्वतःचा पगारी गायकसंच असतो. तिथे मासिक वेतन, आरोग्यविमा आणि वर्षाला सात-आठ भूमिका मिळतात; सुरुवातीचे वेतन बेताचेच असते. करार एकेका हंगामाचा असतो आणि तो वाढवायचा नसेल तर नाट्यगृहाला आधीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत तसे कळवावे लागते, त्यामुळे तो महिना तिथल्या गायकांना नीट झोप लागू देत नाही. पंधरा वर्षे एकाच ठिकाणी झाली की नोकरी जवळपास कायम होते, आणि नेमके म्हणूनच चौदाव्या वर्षी अनेकांना नारळ मिळतो. समूहगायकांची नोकरी याहून पुष्कळ स्थिर आणि बरेचदा नवोदित एकल गायकापेक्षा चांगल्या पगाराची असते. तिला दुय्यम मानणाऱ्यांचे ऐकू नका.

यात आपल्या पारपत्राची एक अडचण आहे, ती तुम्हाला कोणी सांगितली नसेल. तरुण गायकाचे नशीब पुष्कळदा ऐनवेळच्या बदलीने उघडते: हानोफरला सकाळी कोणी आजारी पडतो आणि दुपारपर्यंत ती भूमिका पाठ असलेला माणूस लागतो. लंडनमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला शेंगेन व्हिसाशिवाय ते विमान पकडता येत नाही. चाचण्यांचेही तेच, कारण त्यांच्या तारखा आठ-दहा दिवस आधी कळतात. अभ्यास संपल्यावर जर्मनीतच उमेदवारी करायची असेल तर शिक्षणही तिथेच घेणे तुमच्यासाठी अधिक शहाणपणाचे आहे, असे माझे मत आहे. तिथल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाममात्र आहे. बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा बँक खात्यात, दाखवावी लागते, ती २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो आहे. ही रक्कम मोठी असली तरी तीन वर्षे नोकरी करणाऱ्या इंजिनीअरला घर न गमावता उभी करता येते.

नोकरी करत शिकणे म्हणजे ध्यास कमी असल्याची खूण, असे कोणी म्हणाले तर त्याला टोमास क्वास्टहॉफचे नाव सांगा. १९५९ साली जन्मलेल्या या जर्मन बास-बॅरिटोनला थॅलिडोमाइड या औषधाच्या दुष्परिणामामुळे जन्मतः शारीरिक व्यंग होते आणि पियानो वाजवता येत नाही या कारणावरून हानोफरच्या संगीत विद्यापीठाने त्याला प्रवेश नाकारला. तो शार्लोटे लेहमान यांच्याकडे खासगीत गाणे शिकला, कायद्याचा अभ्यास केला, बँकेत नोकरी केली, रेडिओवर निवेदक झाला. १९८८ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने म्युनिकची एआरडी स्पर्धा जिंकली आणि पुढे तो आपल्या काळातल्या अग्रगण्य गीतगायकांत गणला गेला. ऑपेराच्या रंगमंचावर तो पहिल्यांदा उभा राहिला २००३ साली, साल्झबुर्गला, ‘फिदेलिओ’तल्या दोन फेर्नांदोच्या छोट्या भूमिकेत.

दुसरी बाजूही लपवत नाही. जॉर्ज लंडन हा माँट्रियलला जन्मलेला बास-बॅरिटोन १९६० मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, मॉस्कोच्या बोल्शोय नाट्यगृहात ‘बोरिस गोदुनोव्ह’ या रशियन ऑपेरातली मुख्य भूमिका रशियन भाषेत गाऊन आला. सात वर्षांनी, पन्नाशीही गाठली नसताना, स्वरपट्टीच्या पक्षाघाताने त्याचे गाणे संपले. त्याने वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये आणि पुढे तिथल्या ऑपेरा संस्थेत प्रशासक म्हणून काम केले. तुमची इंजिनीअरिंगची पदवी फायलीत जपून ठेवा, एवढ्यासाठी हे सांगितले.

मग वर्षभरात करायचे काय? महाविद्यालयाला या आठवड्यात पत्र लिहून प्रवेश एक वर्ष पुढे नेता येईल का, हे विचारा; शिष्यवृत्ती त्याबरोबर आपोआप पुढे जाईल असे गृहीत धरू नका, ती पुन्हा मागावी लागली तर मागा. आलेला नकार लेखी असू द्या. जर्मन भाषा मुंबईच्या माक्सम्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्रात नोकरी सांभाळून बी-१ या मध्यम पातळीपर्यंत न्या, कारण नाट्यगृहात दिग्दर्शक बोलतो ते तुम्हाला कळले पाहिजे. पियानो इतका शिका की स्वतःची साथ नव्हे, पण स्वतःचा भाग बोटांनी काढता येईल. चर्चच्या गायकवृंदात वाढलेल्यांना स्वरलिपी पाहून गाता येते असा समज असतो. प्रत्यक्षात ते शेजाऱ्याच्या कानाने गातात, तेव्हा एकटे बसून अनोळखी पान वाचण्याचा सराव रोज करा. इटालियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी मिळून पाच-सहा गाणी अशी तयार करा की झोपेतून उठवले तरी गाता येतील. त्यांत फिगारोचे एक, हेंडेलचे एक आणि शूबर्टची दोन असावीत. सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ २००९ पासून ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ या उपक्रमातून मुंबई, पुणे, गोवा इथे शिकवत आल्या आहेत, त्यांच्यासमोर गाण्याची संधी मिळाली तर दवडू नका; बॅरिटोन की बास-बॅरिटोन हा प्रश्नही त्यांनाच विचारा.

बाबांना मी वेगळे काही लिहीत नाही, हे पत्र त्यांना वाचायला द्या. आईंचा विरोध गाण्याला आहे की गहाणखताला, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. मला वाटते तो गहाणखतालाच असावा, आणि तसे असेल तर बंद खात्याचा आकडा कागदावर मांडून त्यांच्यासमोर बसा.

राहिला प्रश्न चर्चचा. गाणे सोडू नका, बसण्याची जागा बदला. गायकवृंदप्रमुखांना सांगून सर्वांत खालच्या बास ओळीत उभे राहा, आजूबाजूच्यांना झाकून टाकण्याचा किंवा त्यांच्यात विरघळून जाण्याचा असे दोन्ही हव्यास टाळा, आणि घसा बसलेला असेल त्या रविवारी दुसऱ्या मिस्साला गाऊ नका. ब्रिटन आणि जर्मनी या दोन्ही देशांत खालच्या आवाजाच्या गायकाला पहिली कमाई ऑपेरापेक्षा चर्चमधल्या मैफलींतून होते. हेंडेलचा ‘मसाया’, बाखच्या ‘मॅथ्यू पॅशन’मधला येशूचा भाग, अशा धार्मिक संगीतरचना हे बास-बॅरिटोनला जन्मभर पुरणारे काम आहे. येत्या नाताळाला तुमच्या चर्चमध्ये ‘मसाया’तले बासचे एखादे एकल गीत ऑर्गनच्या साथीने गाता येईल का, ते विचारून पाहा. त्याचे चांगले ध्वनिचित्रमुद्रण करा, कारण बहुतेक विद्यापीठे चाचणीला बोलावण्याआधी तेच मागतात.